अँजिओग्राफीनंतरची शुश्रूषा : वॉर्डापासून बेंबळीच्या घरापर्यंत

बेंबळीत कुणाच्या छातीत दुखू लागले की गाडी आधी धाराशिवला जाते आणि तिथून पुष्कळदा सोलापूरला किंवा लातूरला. अँजिओग्राफी होते, गरज असली तर त्याच टेबलावर स्टेंट बसतो आणि सगळे सुरळीत पार पडले तर दोन-तीन दिवसांत माणूस गावी परततो. नुसती अँजिओग्राफी असेल तर कधी त्याच दिवशी संध्याकाळीही. मग भेटायला येणारे विचारतात ते ब्लॉकेज किती टक्के होते आणि स्प्रिंग किती बसवल्या. नळी जिथून घातली त्या मनगटाकडे किंवा जांघेकडे कुणी फारसे पाहत नाही.

बहुतेक रुग्णांना काहीही त्रास होत नाही. पण त्रास झालाच तर तो बऱ्याचदा याच जागेपासून सुरू होतो, आणि सुरुवातीला त्याची खूण लहान असते. ती ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. बोटांनी नाडी चाचपणारे, डोळ्यांनी सूज पाहणारे आणि वेळ घालून लिहून ठेवणारे एक माणूस लागते. वॉर्डात हे काम सिस्टर-ब्रदरांचे असते. गावी आल्यावर ते घरच्यांकडे, आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडे येते. दोघांनीही काय पाहायचे, ते क्रमाने पाहू.

नळी कुठून जाते, धोका कुठे असतो

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच कोपरातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. हत्यारांची व्यवस्था पाहणारी परिचारिका गेर्डा डिट्झेन हिला सोबतीला घेतले आणि नळी आत असतानाच तो चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. १९५६ साली त्याला या कामासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याची नळी शिरेतून, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिनीतून गेली होती. तिथे दाब कमी असतो. आजची अँजिओग्राफी धमनीतून होते. धमनीत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा पूर्ण दाब असतो, त्यामुळे तिचे छिद्र नीट बंद झाले नाही तर रक्त उसळून बाहेर येते किंवा आतल्या आत साठत जाते. शिवाय तपासणीच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते. एवढे लक्षात घेतले की ‘हात वाकवू नका’, ‘पाय सरळ ठेवा’ या सूचनांचा अर्थ कळतो.

पूर्वी ही नळी बहुधा जांघेतूनच घालत. १९८९ साली कॅनडातल्या लुसियन कांपो यांनी मनगटाच्या धमनीतून अँजिओग्राफी करता येते हे दाखवले आणि आता शक्य असेल तिथे मनगटच निवडतात. मनगटाची धमनी कातडीखाली लगेच असते, मागे हाड असते, त्यामुळे ती दाबणे सोपे जाते. रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो.

आत जाण्यापूर्वीच निम्मे काम

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट दाखवा. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा त्रास, आधी कुठल्या इंजेक्शनची झालेली ॲलर्जी हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. बांगड्या, कडे, अंगठी, मनगटावरचा गंडा-दोरा आधीच काढून ठेवा. हात सुजला तर हेच दागिने काचतात आणि मग कापून काढावे लागतात. देवाचा दोरा काढायला मन तयार होत नसेल तर तो उशाशी ठेवता येतो.

सिस्टरांसाठी महत्त्वाचे : तपासणीला नेण्यापूर्वी दोन्ही हातांची आणि दोन्ही पावलांची नाडी तपासून नोंद करा. पावलावर जिथे नाडी लागते तिथे पेनाने फुली मारा. पायाची नाडी आधीपासूनच मंद होती की आता मंद झाली, हे नंतर या नोंदीवरूनच ठरते. रक्तदाब, वजन आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनीनचा आकडाही कागदावर हवा.

पहिले सहा तास

रुग्ण वॉर्डात आला की पहिला तास दर १५ मिनिटांनी, दुसरा तास दर ३० मिनिटांनी आणि पुढचे चार तास तासातून एकदा पाहण्याची पद्धत रूढ आहे. रुग्णालयाचे स्वतःचे वेळापत्रक असेल तर ते पाळावे. प्रत्येक फेरीत पाच गोष्टी पाहायच्या : नाडी व रक्तदाब, नळीची जागा, त्या हाताची किंवा पायाची ऊब-रंग-नाडी, छातीत दुखणे, आणि लघवी. चादर न उचलता ‘ठीक आहे’ असे लिहू नये. जांघेतले रक्त मांडीखालून पाठीकडे वाहते आणि वरची पट्टी कोरडीच दिसते. म्हणून कमरेखाली हात घालून गादी ओली आहे का ते पाहावे.

मनगटातून केले असेल तर

मनगटावर हवेचा पारदर्शक पट्टा बांधलेला असतो. तो फार ढिला असला तर रक्त येते, फार आवळला तर धमनीच बंद पडते. धमनी कायमची बंद पडणे हा मनगटाच्या मार्गातला सर्वांत जास्त दिसणारा त्रास आहे. हाताला दुसऱ्या धमनीतून रक्त मिळत राहते म्हणून रुग्णाला ते जाणवतही नाही, पण पुढच्या वेळी त्या हाताचा उपयोग होत नाही. म्हणून रक्त थांबेल इतकाच दाब ठेवायचा आणि धमनीतला प्रवाह चालू राहू द्यायचा.

तो चालू आहे का हे पाहण्याची रीत साधी आहे. त्या हाताच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावा. करंगळीच्या बाजूची धमनी बोटाने दाबून धरा. मॉनिटरवर लाट दिसत राहिली तर मनगटाच्या धमनीतून रक्त जात आहे. लाट सपाट झाली तर पट्ट्यातली थोडी हवा काढा आणि पुन्हा पाहा. हवा केव्हा काढायला सुरुवात करायची ते डॉक्टर सांगतात. नंतर ती दर १५ मिनिटांनी २ ते ३ मिली अशी सावकाश काढतात. मध्येच रक्त आले तर थांबेल इतकी हवा परत भरायची आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा.

त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू नये, सलाईन लावू नये, रक्त काढू नये. हात उशीवर थोडा उंच ठेवावा. बोटे थोडी निळसर दिसणे, किंचित बधिर वाटणे पट्टा ढिला झाल्यावर जाते. पण मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग ताठ, चकचकीत आणि दगडासारखा लागत असेल, बोटे सरळ करताना रुग्ण कळवळत असेल, तर आत रक्त साठून स्नायूंवर दाब येतो आहे. तिथे सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. उशीर झाला तर हाताची ताकद कायमची जाऊ शकते.

जांघेतून केले असेल तर

जांघेतली छोटी नळी काढल्यानंतर हाताने साधारण १५ ते २० मिनिटे सलग दाबावे लागते. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्ये बोट उचलायचे नाही. दाब कातडीवरच्या छिद्रावर नाही, त्याच्या बोटभर वर द्यायचा, कारण सुई तिरकी गेलेली असते आणि धमनीचे छिद्र वरच्या बाजूला असते. या वेळी काही रुग्ण एकदम घामेजतात, नाडी ५० च्या खाली येते, रक्तदाब पडतो, मळमळते. दुखण्याने आणि भीतीने होणारी ही प्रतिक्रिया आहे. पाय उंच करा, सलाईन वाढवा, डॉक्टरांना हाक मारा आणि ॲट्रोपीन हाताशी ठेवा.

नंतर साधारण चार ते सहा तास पाय सरळ ठेवून झोपायचे. उशाकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलायची नाही. खोकला किंवा शिंक आली तर पट्टीवर हाताने दाब धरायचा. वाळूची पिशवी ठेवली म्हणजे आपले काम संपले असे समजू नये. तिच्यामुळे रक्तस्राव टळतो असे दिसून आलेले नाही, आणि तिच्याखाली वाढणारी गाठ मात्र दिसत नाही.

पडून लघवी होत नाही, ही पुरुष रुग्णांची नेहमीची अडचण. लाजेखातर ते सांगत नाहीत. फुगलेल्या मूत्राशयाने रक्तदाब वाढतो, रुग्ण तळमळतो आणि शेवटी उठायला जातो. पडदा ओढा, भांडे द्या, नळाचा आवाज ऐकू द्या. नाहीच झाली तर डॉक्टरांना सांगा.

जांघेत सूज दिसली तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. पुढच्या फेरीत सूज रेघेबाहेर गेली असेल तर वाद उरत नाही, रक्त चालूच आहे. पाय थंड, पांढरा, बधिर झाला, दुखू लागला, फुली मारलेल्या जागी नाडी लागेनाशी झाली, तर रक्तवाहिनी अडली आहे. तेही तातडीचे.

‘कंबर दुखायली’ हे हसण्यावारी नेऊ नका

सगळ्यात फसवा रक्तस्राव पोटाच्या मागच्या बाजूला होतो. बाहेर थेंबही दिसत नाही. वॉर्डात हे कसे हातातून निसटू शकते ते पाहा. चार तास उताण्या झोपलेल्या रुग्णाला सिस्टर विचारते, “तात्या, पावलं हलवा बरं. मुंग्या येतात का पायाला?” तात्या म्हणतात, “मुंग्या न्हाईत बाई, पर कंबर लई दुखायली.” बायको शेजारून म्हणते, “पडून पडून दुखायली असंल.” खरेच, बहुतेक वेळा पडूनच दुखत असते. पण चांगली सिस्टर तेवढ्यावर न थांबता बीपी घेते. दुपारी १३० असलेला वरचा आकडा ९६ वर आलेला, नाडी ७८ ची ११२ झालेली, कपाळावर घाम. हे पडून राहिल्याचे दुखणे नाही.

नळी घातलेल्या बाजूच्या कमरेत, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणे, सोबत वाढती नाडी आणि उतरता रक्तदाब असे एकत्र आले की ताबडतोब डॉक्टर, सलाईन, रक्तगट आणि हिमोग्लोबिन. नाडी आधी वाढते, रक्तदाब नंतर पडतो. म्हणून एकटा आकडा न पाहता मागच्या तीन नोंदींशी ताडून पाहावा.

छाती, मेंदू आणि मूत्रपिंड

तपासणीनंतर छातीत पुन्हा दुखले, जबडा किंवा हात भरून आला, घाम सुटला तर १० मिनिटांच्या आत ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवावा. बसवलेला स्टेंट गुठळीने बंद होण्याची शक्यता त्यात असते. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका हातातली ताकद जाणे ही मेंदूला रक्त न मिळाल्याची खूण आहे. ‘औषधाची गुंगी असेल’ म्हणून ती झाकली जाऊ नये.

रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून दिलेले औषध लघवीवाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडांवर ताण देते. वयस्कर, मधुमेही, आधीच क्रिएटिनीन वाढलेले आणि उपाशी राहून सुकलेले रुग्ण यांना जास्त जपावे लागते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रुग्णाला थोडे थोडे पाणी देत राहा. हृदय कमजोर असलेल्यांना मात्र किती पाणी चालेल ते विचारूनच द्या, नाहीतर दम लागेल. लघवी मोजा. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीपेक्षा कमी होत असेल तर कळवा. धोका असलेल्यांचे क्रिएटिनीन ४८ ते ७२ तासांनी पुन्हा तपासतात. तोवर रुग्ण बेंबळीत परतलेला असतो आणि तपासणी राहून जाते. सुटी घेतानाच तारीख लिहून घ्या आणि ती धाराशिवला करून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद ठेवली असेल तर ती केव्हा पुन्हा सुरू करायची, हेही त्याच वेळी विचारा.

परतीचा प्रवास आणि पहिले आठ दिवस

जांघेतून तपासणी झालेल्याला त्याच दिवशी दुचाकीवर मागे बसवून आणू नये. चारचाकीत पाय लांब करता येईल असे बसवा, वाटेत एक-दोनदा थांबून पट्टी पाहा. सोबतच्या माणसाकडे डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचे कार्ड वर हाताशी असू द्या, पिशवीच्या तळाशी नको.

मनगटवाल्यांनी पहिले काही दिवस त्या हाताने दोन किलोपेक्षा जड काही उचलू नये. भरलेली घागर, चाऱ्याची पेंढी, खताची गोणी तर नाहीच. धार काढताना मूठ वारंवार आवळावी लागते, तेही काम घरातल्या दुसऱ्याकडे द्या. दुचाकी कधी चालवायची ते डॉक्टरांना विचारा.

जांघवाल्यांनी साधारण आठवडाभर उकिडवे बसू नये, मांडी घालून जेवायला बसू नये. घरात कमोड नसेल तर बाजारात मिळणारी कमोडची खुर्ची किंवा मध्ये भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची चालते. शौचाला जोर करायला लागू नये म्हणून आहारात पालेभाज्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तांब्याने अंघोळ करता येते. जागा घासू नये, कोरडी टिपून घ्यावी. विहिरीत, कालव्यात पोहणे आठवडाभर बंद. हळद, राख, तंबाखूची गोळी, शेंदूर यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. गोठ्यात काम असेल तर जागा झाकलेली असावी.

काळे-निळे डाग पसरून पुढे हिरवट-पिवळे होत मांडीत उतरतात. दोन आठवड्यांत ते जातात, घाबरू नका. छोटी, न वाढणारी, हाताला टणक गाठही हळूहळू विरते. मात्र गाठ वाढत असेल, तिच्यावर बोट ठेवल्यावर ठोका लागत असेल, जागा लाल होऊन पू येत असेल किंवा थंडी-ताप असेल तर दाखवलेच पाहिजे. ठोका लागणाऱ्या गाठीत धमनीचे छिद्र उघडे राहिलेले असू शकते. ती चोळणे, शेकणे, मालिश करणे धोक्याचे.

अचानक रक्त आले तर

रुग्णाला जागीच आडवे करा. स्वच्छ कापडाची घडी घेऊन छिद्राच्या किंचित वर घट्ट दाबा. घड्याळ लावून १० मिनिटे दाब सोडू नका, कापड उचलून पाहू नका. भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन करावा. जांघेतून रक्त येत असेल तर थांबले तरी दवाखान्यात न्या. रुग्णाला चालवत गाडीपर्यंत नेऊ नका.

गोळ्या : इथे सर्वांत जास्त घात होतो

स्टेंट हा धमनीच्या आत बसवलेला धातूचा जाळीदार छल्ला आहे. त्यावर नवे अस्तर येईपर्यंत रक्त त्याला परके समजून गोठू पाहते. धोका पहिल्या ३० दिवसांत सर्वाधिक. म्हणून ॲस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा तशीच दुसरी गोळी देतात. झटका आलेल्यांना ही जोडगोळी साधारण वर्षभर, इतरांना बहुधा सहा महिने असते. नेमका काळ आपले डॉक्टरच ठरवतात.

टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा असते. रात्रीची गोळी ‘सकाळी घेतलीय की’ म्हणून सुटते. काहींना या गोळीने किंचित दम लागल्यासारखे वाटते आणि ते ती परस्पर बंद करतात. दम लागला तर डॉक्टरांना सांगा, ते दुसरी गोळी देतील. दात काढायचा असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात याच औषधांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाला असेल तर सुटीच्या आधी आरोग्यमित्राला भेटून पुढची तपासणी व औषधे योजनेत कशी मिळतील ते विचारून घ्या.

अंग दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका. त्या रक्तस्राव वाढवतात आणि मूत्रपिंडालाही घातक ठरतात. कमरेत सुई टोचायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगा की रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. काळी, डांबरासारखी शौचास झाली तर पोटात रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

तंबाखू, मिसरी, गुटखा, बिडी आजपासून बंद. स्टेंट बसवूनही तंबाखू चालू ठेवणे म्हणजे पुन्हा त्याच टेबलावर जायची तयारी करणे. नवस फेडायला तुळजापूरच्या पायऱ्या उतरायचा बेतही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच करा.

आशाताईंना एक विनंती. गावात अँजिओ झालेला माणूस परत आला की पहिल्या आठवड्यात दोनदा त्याच्या घरी जा. चार प्रश्न पुरे आहेत : जागा दाखवा, गोळ्या दाखवा, लघवी किती होते, छातीत दुखले का? उत्तरात शंका वाटली तर आरोग्य केंद्रात पाठवा. आणि घरच्यांनी डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा आणि रुग्णालयाचा नंबर व १०८ भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. रात्री दोन वाजता शंका आली तरी फोन करा. सकाळपर्यंत थांबून बघू, असे या आजारात म्हणायचे नसते.